सल्ला हवा: बी.ए.च्या मुलांना सर्जनशील लेखन शिकवायचं कसं?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे सर्जनशील लेखनाचा पेपर माझ्या वाट्याला आलाय. दोन श्रेयांक, तीस तास, वर्गात साठेक मुलं. अभ्यासक्रमात कथेचे घटक, कवितेचे प्रकार वगैरे आहे, ते उरकेल. पण मुलांना लिहितं कसं करू? पहिल्याच गृहपाठात निम्म्या कथा एआयकडून लिहून आणलेल्या. प्रत्येकीत कुणीतरी क्षितिजाकडे बघतंय! वाचायला काय देऊ, गुण कसे देऊ?

जुना खडू:
कथा लिहून आणा असं सांगूच नका. पहिले काही तास वर्गातच, हातानं, वहीत, दहा मिनिटं. विषय बारका द्या: बाजार समितीतला सकाळचा लिलाव, एसटीत जागा धरणं, घरात पाहुणे येणार म्हणून झालेली धावपळ. एआयचा प्रश्न तिथंच बराचसा मिटतो.

मग पुनर्लेखन. खरा पेपर हाच आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, 'दुष्काळाने बापाचे कंबरडे मोडले.' मी विचारलं, तुला कसं कळलं? तू काय पाहिलंस? पुढच्या खर्ड्यात आलं: 'बापानं आडत्याच्या पट्टीमागं बेरीज मांडली. खोडून परत मांडली. मग मला म्हणाला, तू करून बघ बरं.' दुष्काळ हा शब्दच गेला. मी काही शिकवलं नव्हतं, फक्त विचारलं होतं.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी चर्चा करून, पत्रं लिहून कथेवर पुन्हा काम करायला लावत. वर्गात आपण तेच करायचं, जरा कमी धाक दाखवून.

शाई_सांडली:
+१. वाचनासाठी आसाराम लोमटे यांच्या कथा घ्या. तुमच्याच जिल्ह्यातले, २०१६ चे साहित्य अकादमी विजेते. आपल्या गावाकडची माणसं अशी छापून येतात हे मुलांना दिसू दे. आणि 'काय करायलास?' असं संवादात आलं तर लाल पेन खाली ठेवा. प्रमाणभाषा निवेदनात हवी का, हेसुद्धा ज्याचं त्यानं ठरवावं.

पद्धत हवी असेल तर अमेरिकेतल्या आयोवाची बघा. तिथल्या विद्यापीठात १९३६ पासून लेखन कार्यशाळा चालते. मजकूर सगळ्यांनी आधी वाचून यायचा, वर्गात चर्चा करायची आणि तोवर लेखकानं गप्प बसायचं.

वऱ्हाडी ठेचा:
गप्प बसण्याच्या नियमाला माझा विरोध! अमेरिकेतही त्यावर बरीच टीका झालीये. आपल्या वर्गात आधीच चार जण बोलतात आणि मागच्या बाकावरच्या मुली तोंड उघडत नाहीत. त्यांच्याच लेखनावर चर्चा आणि त्यांनीच गप्प? त्यापेक्षा लिहिणाऱ्यानं आधी दोन प्रश्न विचारावेत. 'शेवट कळला का? आजी खरी वाटते का?' बाकीच्यांनी तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. शिवाय ती पद्धत दहा-बारा जणांची. साठ मुलांत पाच-पाचचे गट करा, नाहीतर बाजार भरतो.

जुना खडू:
ठेचा, मान्य. गटांचं तर शंभर टक्के.
गुणांचं राहिलं. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत 'ललित लेखनाचे स्वरूप स्पष्ट करा' येणारच, त्याला इलाज नाही. अंतर्गत गुण मात्र तुमच्या हातात असतात. मी ते कथेला न देता वहीला देतो: पहिला खर्डा, त्यावरचे शेरे, दुसरा खर्डा आणि काय का बदललं याची चार ओळींची टीप. दोन्ही खर्डे सारखेच असतील तर कथा कितीही गोड असो, गुण कमी. मुलं सुरुवातीला कुरकुरतात. प्राचार्यांना दाखवायला पुरावाही तयार असतो.

गोदाकाठ:
खूप आभार! लिलावाचा विषय सोमवारीच देते, आमच्याकडे सोयाबीनचा हंगाम चालूच आहे. एक शंका. मुलं घरातलं फार खरं लिहितात. बापाची दारू, बहिणीचं मोडलेलं लग्न. ते गटात वाचायला लावू का?

शाई_सांडली:
लावू नका, ज्याचं त्याला ठरवू द्या. आमच्या बाई पानाच्या कोपऱ्यात फुली मारायला सांगायच्या. फुली असली की ते पान फक्त बाई वाचणार, गुणांत फरक नाही. सुरुवातीला ही पानं पुष्कळ येतील, ती घरी नेऊन वाचा. स्टाफरूममध्ये टेबलावर वह्या पडू देऊ नका.