मदत हवी आहे: ग्लारुसमधल्या जुन्या गावांच्या हद्दी आणि कुरणं

नमस्कार मंडळी, स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस कॅन्टनवर (कॅन्टन म्हणजे तिथलं राज्य) मराठीत सविस्तर लिहायला घेतलंय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. 2006 साली तिथल्या लांड्सगेमाइंडमध्ये, म्हणजे लोक चौकात उभं राहून हात वर करून मत देतात ती सभा, सरकारने 10 नगरपालिकांचा प्रस्ताव आणला होता पण लोकांनी थेट 3 च ठेवायचं ठरवलं!! आधी 25 होत्या. 1 जानेवारी 2011 पासून ते लागू झालं आणि एल्म, लिन्थाल, श्वांडेन ही सगळी गावं त्या तिघींपैकी ग्लारुस स्युड या नगरपालिकेत गेली.

मला खरा रस एल्ममध्ये आहे. 1881 मध्ये पाटीच्या दगडाच्या खाणीमुळे तिथला डोंगर कोसळून शंभरावर माणसं गेली, आणि त्याच गावात मार्चमध्ये आणि सप्टेंबरअखेरीस डोंगरातल्या मार्टिन्सलोख नावाच्या आरपार भोकातून ऊन बरोबर चर्चच्या टॉवरवर पडतं, एवढ्या गावाला नकाशावर स्वतःची हद्द उरली नाही हे मनाला लागतं.

तर विचारायचं असं की डोंगरावरची कुरणं आणि जंगलं आधी टागवेन या गावकऱ्यांच्या संस्थेकडे असायची, विलीनीकरणानंतर ती भाड्याने कोण देतं, आणि पैसा त्याच गावावर खर्च होतो का? आणि 2011 आधीच्या हद्दी दाखवणारा नकाशा कुठे मिळेल? तिकडे राहणारं किंवा जर्मन नीट वाचता येणारं कोणी असेल तर प्लीज सांगा, मला शब्दकोश घेऊन वाचावं लागतं आणि कायद्याची भाषा काही केल्या सुटत नाहीये.