मदत हवी आहे: मुलाची नाकातली नळी काढून पोटातून बसवायची का?

नमस्कार, तासगावहून लिहितेय. एका हाताने टाईप करतेय, दुसऱ्या हातात सिरिंज आहे, चुका समजून घ्या.

मुलगा अडीच वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नाही. आधी वाटी-चमच्याने भरवायचे, वाटीभर पेजेला दीड तास, त्यातली निम्मी लाळेऱ्यावर आणि खाताना सारखा ठसका. दिवाळीच्या आसपास दोनदा न्यूमोनिया झाला तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की अन्न श्वासनळीत जातंय, आणि नाकातून रायल्स ट्यूब टाकली. चार महिने झाले. वजन ८ किलो ३०० पर्यंत आलं, खोटं कशाला बोलू, नळीनेच आलं.

पण तो नळी उपसतो. हातमोजे घातले, गालावर चिकटपट्टी बदलून बघितली, तरी दर चार-पाच दिवसांनी तेच. मग ह्यांनी हात धरायचे, मी डोकं, आणि तो रडतो ते बघवत नाही. मला सिस्टरांनी शिकवलंय, नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीचं हाड संपतं ती जागा आणि बेंबी यांच्या मधोमध असं मोजायचं, पेनने खूण करायची. पण मागच्या आठवड्यात बागेत माल उतरवायचं चालू होतं, हे घरी नव्हते, म्हणून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे नळी घालून सिरिंजने हवा मारली, पोटावर स्टेथो लावला, गुडगुड ऐकू आलं म्हणाले, द्या दूध. मी १० मिली सोडलं असेल नसेल, पोर खोकून खोकून निळं पडायला लागलं. मीच नळी ओढून काढली. मिरजेला पोचेपर्यंत माझा जीव माझ्यात नव्हता.

आता डॉक्टर म्हणतात पेग करा, पोटातून नळी. सासूबाई म्हणतात चांगल्या पोटाला भोक कशाला पाडताय, पोरावर कसले प्रयोग करताय. त्यांचं सोडा, माझंच मन होत नाहीये, कारण वाटतं हे केलं म्हणजे तो तोंडाने कधीच खाणार नाही हे मी मान्य केलं. मागच्या उन्हाळ्यात आमरसाचं बोट चाटून हसला होता. कुणी केलंय का लहान मुलाचं? भूल झेपते का? खर्च कसा जमवला?

---

सिस्टर, मिरज: ताई, आधी ते हवा मारून ऐकायचं सोडा. नळी फुफ्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. पोटातलं थोडं पाणी सिरिंजने ओढून पीएच पट्टीवर (ॲसिड किती ते दाखवते, आकडा कमी तितकं ॲसिड जास्त) टाकायचं, ५.५ किंवा कमी आलं तरच फीड. ॲसिडचं औषध चालू असेल तर आकडा वर जातो. पाणी येतच नसेल किंवा शंका असेल तर एक्सरे. आणि ठसका लागला नाही म्हणजे नळी बरोबर असंही नाही, काही मुलांना लागतच नाही. सासूबाईंना सांगा प्रयोग नाही, १९८० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही पद्धत छापली ती लहान मुलांवर करूनच. नाकातली नळी चार-सहा आठवड्यांपुरती, तुमचे तर चार महिने झाले.

कोरेगावची आई: आमच्या मुलीला २ वर्षं झाली. दुर्बीण तोंडातून आत, पोटावर छोटं छिद्र, अर्ध्या तासात बाहेर आणली, दुसऱ्या दिवशी फीड चालू. पहिले काही आठवडे नळी निघाली तर स्वतः घालायची नाही, सरळ हॉस्पिटल. नंतर आम्हाला लांब नळीच्या जागी बटण बसवलं, म्हणजे पोटाला चिकटून बसणारी आखूड नळी, आत पाण्याचा फुगा असतो. एकदा खेळताना निघालं होतं, छिद्र काही तासांतच आक्रसायला लागतं म्हणून जादा नळी घरात ठेवतेच. कडेला लाल मांसाचा कोंब येतो, चिघळतं, हे कुणी आधी सांगत नाही. न्यूमोनिया एकदम बंद होईल असंही नाही, लाळ असतेच, आणि उलटी-रिफ्लक्स असेल तर पेगने थांबत नाही, तेवढं ऑपरेशनच्या आधी विचारा. पण रडवून नळी घालणं संपलं. आणि तोंडाचं म्हणाल तर गिळण्याची तपासणी करून थेरपिस्टने हो म्हटल्यावर आम्ही चव देतो. गरज संपली की नळी काढतात, छिद्र बहुतेक वेळा आपोआप बुजतं.

विट्याचा बाबा: निरामय विम्याचं बघा, दिव्यांगांसाठीचा केंद्र सरकारचा आरोग्य विमा, सेरेब्रल पाल्सीला १ लाखापर्यंत आहे, दिव्यांग सर्टिफिकेट लागतं. महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, ॲडमिट झाल्यावर नको.

तासगाव (धागाकर्ती): सगळ्यांचे आभार, सासूबाईंना वाचून दाखवलं, काही बोलल्या नाहीत पण ऐकलं. कोरेगावच्या ताई, एक बारीकसं विचारते, तो पालथाच झोपतो, बटणावर झोपता येईल का?

कोरेगावची आई: जखम पूर्ण भरल्यावर येतं. आमची तशीच झोपते, आत्ताही.