मदत हवी आहे: गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात मुरुमांवर काय चालतं?

मी नाशिकला, इंदिरानगरला राहते. १५ वा आठवडा चालू आहे. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मोठे, दुखरे मुरूम आलेत. आधी ॲडापलीन जेल लावायचे, दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवशी बंद केलं. आयसोट्रेटिनॉइन (मुरुमांवरच्या गोळ्या) कधीच घेतलेलं नाही. ते आणि डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक) या काळात चालत नाही हे माहीत आहे, म्हणून कृपया सुचवू नका.

गायनॅक मॅडमनी अझेलेक ॲसिड १० टक्के दिलंय. तीन आठवडे रोज रात्री लावतेय. थोडी चुणचुण होते, फरक मात्र शून्य. सासूबाईंचा मुलतानी मातीचा लेपही झाला, त्याने चेहरा नुसता कोरडा पडला. मेडिकलवाल्याने बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के काढून दिलं, पण चिठ्ठीशिवाय लावायची हिंमत होत नाही. स्किनवाल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट १२ दिवसांनी आहे. ॲलर्जी, थायरॉइड, शुगर काही नाही.

गरोदरपणात अझेलेक वापरलेल्यांनी सांगा, फरक दिसायला किती आठवडे लागले? आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड, रात्री अझेलेक असं तुमच्या डॉक्टरांनी कुणाला दिलं होतं का?