मदत हवी आहे : ईआरके या प्रथिनाची सक्रियता ऊतीत कशी तपासावी?

बीआरएएफ या संदेशवाहक प्रथिनात ६००व्या स्थानी व्हॅलीनऐवजी ग्लुटामिक आम्ल आले, की ते पेशीला सतत विभाजनाचा संदेश देत राहते. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हेमुराफेनिब हे औषध त्याला रोखते आणि हा बदल असलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) अनेक रुग्णांत गाठी आक्रसतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र हाच बदल असूनही ते एकटे फारसे उपयोगी पडत नाही, कारण तिथे ईजीएफआर हा पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राही (बाहेरचे संकेत टिपणारे प्रथिन) तो संदेश पुन्हा सुरू करतो. एकाच बदलाचे भवितव्य पेशीगणिक पालटावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

बीआरएएफचा संदेश पुढे ईआरके नेते. ते पुन्हा सक्रिय झाल्याची खूण म्हणजे त्यावरचे फॉस्फेट. पण नमुना फॉर्मॅलिनमध्ये जायला उशीर झाला, तर ते निघून जाऊ शकते. मग रुग्णाच्या ऊतीतील या तपासणीवर कितपत विसंबावे, आणि त्याऐवजी डस्प६सारख्या, ईआरके सक्रिय असताना वाढणाऱ्या जनुकांची अभिव्यक्ती मोजणे अधिक भरवशाचे ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.