नेटच्या वेगाचा आकडा ९४वरच अडकतोय? आधी केबल बघा

वाय-फाय एक्स्टेंडरवर (राउटरचा सिग्नल घरात पुढे पोचवणारा डबा) नेट हळू चालतं, अशी तक्रार केली की 'एक्स्टेंडर राउटरजवळ सरकवा' असा सल्ला मिळतो. तो चुकीचा नाही. पण एक्स्टेंडरपासून लॅपटॉपला केबल लावून वेग दर वेळी ९४-९५ एमबीपीएसवरच थांबत असेल, तर एक्स्टेंडर घरभर फिरवून उपयोग नाही. खोक्यावर ठळक '१२००' छापलेल्या बऱ्याच स्वस्त एक्स्टेंडरचा लॅन पोर्ट (केबल लावायची जागा) १०० एमबीपीएसचाच असतो. (हे बारीक अक्षरात!)

माझं दुखणं वेगळंच निघालं. मुलुंडच्या घरी गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टवाला एक्स्टेंडर आणला, तरी लॅपटॉप केबलच्या जोडणीचा वेग १००च दाखवायचा. शेवटी केबलचं टोक टॉर्चसमोर धरलं, तर आठपैकी चारच तारा आत. बाकीच्या जोडणाऱ्याने छाटलेल्या. गिगाबिटला आठही लागतात. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तयार कॅट ६ केबल (आठही तारांची) आणली, लगेच २६० मिळाले. त्यापुढे मात्र राउटर आणि एक्स्टेंडरमधल्या भिंती वाय-फायला आडव्या येतात.