फॅटी लिव्हर आणि चालणं-फिरणं : खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. मी जळगावचा, वय 46, बँकेत कॅशला बसतो. गेल्या पोळ्याच्या सुमारास पोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण रिपोर्टच्या शेवटी 'फॅटी लिव्हर ग्रेड 2' असं लिहून आलं, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम चरबी साठलेली. घरी सांगितलं तर आईनं बाजूला नेऊन विचारलं, "माले खरं सांग, तू दारू पेस का?" मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाही. रिपोर्टपेक्षा तो प्रश्न जास्त लागला.

आपल्याकडे लिव्हर म्हटलं की दारू, एवढंच डोक्यात बसलंय. म्हणून लोक रिपोर्ट लपवतात आणि इलाज राहून जातो. खरं तर दारू न पिताही साखर, पोटाचा घेर, बैठं काम यांनी हे दुखणं होतं. 2023 साली लिव्हरच्या तज्ज्ञांनी 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' हे जुनं नाव बदललं आणि नव्या नावात चयापचयाचा बिघाड आणला. आपल्या सरकारनंही 2021 मध्ये हा आजार मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला.

डॉक्टरांनी मला गोळी दिली नाही. आठवड्याला 150 मिनिटं चाला, दम लागला पाहिजे पण बोलता आलं पाहिजे, एवढंच सांगितलं. पहाटे मेहरूण तलावाला जायला लागलो. तीन महिन्यांनी काट्यावर 84 चे 83. मन इतकं खट्टू झालं की चार दिवस गेलोच नाही. मग रक्त तपासलं : एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते) 78 वरून 44! डॉक्टर म्हणाले, चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात, मग लिव्हरकडे चरबी करून साठवायला कमी उरते. वजन हललं नाही तरी लिव्हरमधली चरबी उतरू शकते. हे आधी माहीत असतं तर ते चार दिवसही गेले नसते.

काटा हलेना म्हणून ज्यांनी मधेच सोडलं, त्यांनी तर नक्की लिहा.

केळीवाला, रावेर

जिभाऊ, शेतकऱ्याला कुठून फॅटी लिव्हर, असं मीही म्हणायचो. डॉक्टरांनी विचारलं, काल दिवसभरात पायी किती चाललात? मी हिशोब करायला लागलो. बांधापर्यंत मोटरसायकल. पाण्याची मोटर मोबाईलवरून चालू. खत ड्रिपमधून. घड कापायला, वाहायला व्यापाऱ्याची माणसं. मी उभा राहून वजन लिहून घेतो. माझ्या आजोबांनी याच शेतात मोट हाकली, आणि माझा दिवसाचा हिशोब दोनशे पावलांवर संपला. दवाखान्यात बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी आलं.

आता गाडी मारुतीच्या पारापाशी लावतो, तिथून शेत दीड किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचं तीन. मे महिन्यात पारा 45 च्या वर, तेव्हा सहाच्या आत निघायचं म्हणजे निघायचं. वजन दोनच किलो उतरलं, पण पट्टा दोन भोकं आत गेलाय.

देवपूरची, धुळे

मला दुसऱ्या बाळंतपणात साखर निघाली होती. पुढे फॅटी लिव्हर. "घरकाम करतेस, वेगळा व्यायाम कशाला," असं सगळे म्हणतात. घरकामानं मी थकते हे खरं, पण दम लागत नाही, आणि पायांना जोर तर अजिबात लागत नाही. माझं वजन 72. सोनोग्राफीनंतरच्या तपासणीत लिव्हरला थोडी सूज दिसली होती. ती उतरायची तर 7 ते 10 टक्के वजन, म्हणजे पाच ते सात किलो कमी करा, असं सांगितलं. दोन वर्षांत चार झालेत.

रविवारची वरण-बट्टी सोडली नाही. चाराच्या दोन केल्या, तुपाची वाटी ताटाबाहेर ठेवली, आणि बट्टीनंतरची दुपारची झोप बंद केली. ती झोप सोडणं सगळ्यात जड गेलं. रात्री जेवणानंतर जाऊबाई आणि मी पंधरा मिनिटं चालतो. एकटी निघायचे तेव्हा गल्लीतले बघायचे, दोघी निघाल्यावर कुणी बघत नाही.

शिवाय खुर्चीवरून हात न लावता उठ-बस. पहिल्या दिवशी सातव्या वेळेला मांडी अशी थरथरली की जाऊबाईंनी दंड धरला. आता तीस होतात. स्नायूंना जोर देणारा व्यायामही लिव्हरची चरबी उतरवतो, नुसतं चालणंच हवं असं नाही.

गडाचा वारकरी, शिरपूर

मी दर चैत्रात पायी सप्तशृंगी गडावर जातो. त्या भरवशावर अकरा महिने दुकानाच्या गादीवर बसून काढायचो. देवीची वाट वर्षातून एकदा, लिव्हरला रोज लागते. आता दुकान पायी उघडायला जातो.

रेल्वेचा रनिंग स्टाफ, भुसावळ

माझं वजन 61, अंगानं काडी. तरी फॅटी लिव्हर. एसजीपीटीही नॉर्मल होतं. रक्त नॉर्मल असलं तरी हे असू शकतं, बारीक माणसांनी गाफील राहू नका. ड्युटीला वेळ-काळ नाही, म्हणून बॅगेत व्यायामाचा रबरी पट्टा ठेवतो. रनिंग रूममध्ये (ड्युटीवरच्या मुक्कामाच्या खोलीत) झोपण्याआधी वीस मिनिटं तो ताणतो. फायब्रोस्कॅनमधला (लिव्हरची चरबी आणि कडकपणा मोजणारी तपासणी) चरबीचा आकडा वर्षात खाली आला.

अमळनेरकर

वडिलांचं लिहितो. त्यांना सात वर्षांपूर्वी हेच निघालं. एका डॉक्टरांनी "सगळ्यांनाच असतं" म्हणून टॉनिक दिलं, आम्हीही बाटल्या आणत राहिलो. कुणी चाला म्हटलं नाही, कुणी साखर बघितली नाही. पोटात पाणी झालं तेव्हा सिरोसिस, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक झाल्याचं कळलं. चेहरा, दंड सगळं आटलं. आता फिजिओथेरपिस्ट त्यांना अंगणात हळूहळू चालवतात, असलेला स्नायू टिकावा म्हणून. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात, त्यामुळे जड उचलायचं नाही अशी ताकीद आहे. ज्यांचा आजार पुढे गेलाय त्यांनी विचारल्याशिवाय वजनं उचलू नका. ग्रेड 1 वाल्यांनो, वडील आज तुमच्या जागी असते तर मी त्यांना हाताला धरून रोज नेलं असतं.

नवापूरहून

आईला कालच ग्रेड 2 निघालं. वय 58, दोन्ही गुडघे दुखतात, चालवत नाही. तिनं काय करायचं?

देवपूरची, धुळे

ताई, हाडांच्या डॉक्टरांना आधी विचारा. मग उंच खुर्चीपासून सुरुवात करा, खाली उशी घाला म्हणजे गुडघा कमी वाकेल. हातांनी आधार घेऊ दे, दिवसाला पाच वेळा उठल्या तरी पुष्कळ. आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, माझी पहिल्या आठवड्यात मागे सरकली होती.