स्कोल्सला डावीकडे ढकललं, तिथेच चुकलं

इंग्लंडच्या त्या फुटबॉल संघाला माज होता आणि जेरार्ड-लॅम्पार्ड या मिडफिल्डरांमध्ये जिद्दच नव्हती, असं म्हणतात, ते काही पटलं नाही. २००४ च्या युरोत (युरोपच्या देशांच्या स्पर्धेत) त्या दोघांना मधे खेळवायचं म्हणून स्कोल्स या तिसऱ्या मिडफिल्डरला डावीकडे ढकललं. त्याच वर्षी तो इंग्लंडच्या संघातून निवृत्त झाला, कारण घरचं सांगितलं. याला माज म्हणायचं? जेरार्ड, लॅम्पार्ड दोघेही पुढे धावणारे, मागे राखणार कोण? २००६ च्या वर्ल्ड कपला पोर्तुगालविरुद्ध मागे राखणारा हारग्रीव्ज जीव तोडून पळला, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये इंग्लंडकडून गोल मारणारा तो एकटाच! जेरार्ड, लॅम्पार्ड दोघांच्याही पेनल्टी अडवल्या गेल्या. (कोथरूडला रविवारी आमचंही तेच. सात जण स्ट्रायकर, मागे थांब म्हटलं की प्रत्येकाचा गुडघा दुखतो.) त्या दोघांपैकी एकाला बाकावर बसवायची हिंमत कोचनेच दाखवायला हवी होती. मी लॅम्पार्डला बसवला असता, घाला शिव्या.